लूपबॅक डाउन आहे म्हणे

पहिला मेसेज पहाटे आला: ‘लो इंटरफेस डाउन.’

इंटरफेस म्हणजे मशीनचं नेटवर्ककडचं दार, खरं किंवा नुसतं सॉफ्टवेअरमधलं. लो म्हणजे लूपबॅक, १२७.०.०.१. मशीन स्वतःशीच बोलतं ती वाट. ती खरंच बंद पडली असती तर तो मेसेज माझ्यापर्यंत पोहोचलाच नसता, कारण नजर ठेवणारा आणि मेसेज पाठवणारा हे दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी त्याच वाटेनं बोलतात. म्हणजे एखाद्यानं स्वतः फोन करून ‘मी वारलो’ म्हणून कळवावं, तसलं. अर्धवट झोपेतही हसू आलं. पुढचे तीन आठवडे मात्र फारसं हसू आलं नाही.

आधी घरातल्या यंत्रणेबद्दल. कपाटाशेजारी दादाचा जुना डेस्कटॉप आहे, त्यावर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार). माझं काम आवाजाचं: मुलाखती रेकॉर्ड करणं, साफ करणं, कापणं. त्या सगळ्या फाइल्स या डब्यात राहतात. सोबत फोटो आणि अठरा डॉकर कंटेनर (एकेक प्रोग्रॅम चालवायचे स्वतंत्र खोके), त्यांतले चार तरी मी केवळ हौसेनं चढवलेले. याच मशीनच्या पोटात चालणारं एक व्हर्च्युअल मशीन आहे आणि बाहेर असताना घरी शिरायला वायरगार्ड. या सगळ्यावर नजर ठेवायला मशीनचे आकडे वाचून देणारा नोड एक्स्पोर्टर आणि ते साठवून माझ्या नियमांशी ताडणारा प्रोमिथिअस, आणि बोंब मारायला अलर्टमॅनेजर.

नेटवर्कसाठी मी चार-पाच नियम लिहिले होते. एकही उगाच लिहिलेला नव्हता, हे माझ्या बचावार्थ. उदाहरणार्थ, ‘पाच मिनिटांपूर्वी जो इंटरफेस होता आणि आता नाही, त्याची वर्दी दे’ हा नियम. माझ्याकडे एक यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर आहे. ते तापलं की सिस्टिममधून नाहीसं व्हायचं, डाउनसुद्धा दिसायचं नाही. जे यादीतच नाही ते ‘डाउन’ म्हणून कसं सापडणार? म्हणून तो नियम. लिहिला तेव्हा स्वतःवर खूश होते मी.

मग रविवार आला. रविवारी पहाटे तीनला कंटेनरांच्या नव्या इमेज, म्हणजे नव्या आवृत्त्या, आपोआप उतरतात. त्या दिवशी अकरा कंटेनर नव्यानं उभे राहिले आणि माझ्या फोनवर अकरा इंटरफेस ‘गायब’ झाले. पाच मिनिटांनी अकराच्या अकरा ‘पूर्ववत’. बावीस मेसेज. प्रत्येक इंटरफेसचा मेसेज वेगळा यावा असं मीच हौसेनं ठरवलेलं, तेव्हा तक्रार करायची तरी कोणाकडे! नवरा कुशीवर वळून म्हणाला, “अगं, तुझं ते परत रडतंय. उचल तरी, नाहीतर झोपव.”

झालं असं होतं. डॉकर प्रत्येक कंटेनरला एक नळी जोडून देतो, दोन तोंडांची. एक तोंड कंटेनरच्या आत असतं, त्याला आत ईथ-शून्य म्हणतात. दुसरं तोंड बाहेर यजमान मशीनवर, तिथल्या ब्रिजला, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या स्विचला, लावलेलं. या बाहेरच्या तोंडाचं नाव ‘व्हेथ’ आणि पुढे सात अक्षर-आकड्यांची अगम्य शेपटी. कंटेनर गेला की नळी दोन्ही तोंडांसकट जाते. तोच कंटेनर पुन्हा उभा राहिला की नवी नळी, नवी शेपटी. डॉकरच्या दृष्टीनं काहीच बिघडलेलं नाही. प्रोमिथिअसच्या दृष्टीनं मात्र एक नेटवर्क कार्ड मेलं आणि त्याच्याशी काडीचा संबंध नसलेलं दुसरं जन्माला आलं. त्याला नाव तेवढं कळतं, नात्याची कल्पना नाही.

आणि ‘डाउन’चं काय? नोड एक्स्पोर्टर इंटरफेसची ‘ऑपरस्टेट’, म्हणजे चालू-बंद स्थिती, वाचतो. तिथे ‘अप’ हा शब्द असेल तर १, दुसरं काहीही असेल तर ०. आता लूपबॅकची ऑपरस्टेट असते ‘अननोन’. वायरगार्डचीही तीच. त्यांना तार नाही, पलीकडे स्विच नाही, तेव्हा ‘जोडलेला आहे का’ या प्रश्नाला कर्नेल (लिनक्सचा गाभा) प्रामाणिकपणे ‘माहीत नाही’ म्हणतं. माझा नियम त्या ‘माहीत नाही’चं ‘नाही’ करत होता. डॉकर-शून्य या ब्रिजची गोष्ट थोडी वेगळी. माझे सगळे कंटेनर आपापल्या वेगळ्या नेटवर्कांवर असल्यामुळे त्या मूळ ब्रिजवर कोणीच राहत नाही. आणि ज्या ब्रिजला एकही चालू पोर्ट नाही, तो खरोखर डाउन असतो. म्हणजे मेसेज अगदी खरा, फक्त कामाचा नाही. रिकाम्या घरात दिवा लागत नाही अशी ती तक्रार.

वेगाचा प्रकार याहून मजेदार. ‘इंटरफेस त्याच्या क्षमतेच्या नव्वद टक्क्यांवर गेला तर सांग’ हा नियम बहुतेकांकडे असतो. माझ्याकडे एका रात्री मेसेज आला, वापर ३,००० टक्के. व्हर्च्युअल मशीनला जोडलेल्या टॅप इंटरफेसबद्दल होता तो. रात्री त्या मशीनमध्ये फाइल्सची प्रत जाते, सेकंदाला साधारण तीनशे मेगाबिट. आणि माझ्या ५.१० कर्नेलमध्ये टॅपचा जाहीर वेग आहे दहा मेगाबिट. हे दहा कुठून आले? कुठूनच नाही. तिथे तार नाही, त्यामुळे वेगही नाही. विचारलं तर काहीतरी सांगायचं म्हणून ड्रायव्हरमध्ये तो आकडा लिहून ठेवलेला होता. पुढच्या कर्नेलांमध्ये तो दहा गिगाबिट केलाय. व्हेथ आधीपासूनच दहा गिगाबिट सांगतो, तेही मनाचंच. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत बसलेल्या नोड एक्स्पोर्टरनं त्याच्या कार्डाचा वेग सांगितला उणे सव्वा लाख बाइट. आत कर्नेल ‘ठाऊक नाही’ या अर्थी उणे एक सांगतं, एक्स्पोर्टर त्याला दहा लाखांनी गुणतो, आठानं भागतो आणि गंभीर चेहऱ्यानं पुढे करतो. उलट्या दिशेनं धावणारं नेटवर्क!

आता ‘वेग गिगाबिटपेक्षा खाली आला तर सांग’ हा माझा नियम या आकड्यांवर लावून बघा. गिगाबिट म्हणजे साडेबारा कोटी बाइट. टॅप साडेबारा लाखांवर, व्हर्च्युअल मशीनचं कार्ड उणे सव्वा लाखांवर. नियम कायमचा पेटलेला.

इथे मी माती खाल्ली. एका संध्याकाळी, रेकॉर्डिंगच्या मधोमध फोन तीनदा थरथरला आणि ती थरथर टेबलातून मायक्रोफोनमध्ये गेली. पाहुण्यांना तेच उत्तर पुन्हा द्यायला लावलं, जे कधीच पहिल्यासारखं येत नाही. ते गेल्यावर मी अलर्टमॅनेजर उघडला आणि नेटवर्कच्या सगळ्या नियमांवर तीस दिवसांची चुप्पी टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, ‘व्हर्च्युअल कचरा, नंतर बघू.’

बारा दिवस छान गेले.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी साडेसहाला उठले तर दुसऱ्या मशीनवरचा डिस्कचा दिवा अजून लुकलुकत होता. दर रविवारी पहाटे दोनला सगळ्या रेकॉर्डिंगची पूर्ण प्रत तिकडे जाते, दोनशे जीबीच्या आसपास. गिगाबिटवर सेकंदाला एकशेदहा मेगाबाइटनं ते अर्ध्या तासाचं काम. साडेचार तास झाले तरी संपलं नव्हतं. वेग पाहिला, अकरा मेगाबाइट. बरोबर दहावा हिस्सा. इतका नेमका दहावा हिस्सा आला की डिस्कवर संशय घेण्यात अर्थ नसतो. कर्नेलच्या लॉगमध्ये ओळ सापडली: मूळ कार्डाची लिंक शंभर मेगाबिटवर जोडली गेली. तारीख दहा दिवसांपूर्वीची.

कपाट झाडताना मीच ते सरकवलं होतं. त्याचा पाय केबलवर बसला होता. नेटवर्क केबलीत तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला चारही लागतात, शंभरला दोन पुरतात. एक जोडी गेली की माझं कार्ड आणि स्विच आपसात गुपचूप शंभरवर समझोता करतात. काही तुटत नाही, काही थांबत नाही, फक्त सगळं दहापट सावकाश. पिंग लखलखीत, फोटो उघडतायत, कोणाची तक्रार नाही.

आणि प्रोमिथिअसला हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं. आलेखात साडेबारा कोटींची सपाट रेघ सव्वा कोटीवर धाडकन उतरलेली स्पष्ट दिसत होती. नियमही पेटला होता. चुप्पीखाली, टॅप आणि उणे सव्वा लाखांच्या शेजारी, तिसरी ओळ म्हणून बसला होता.

केबल बदलली. मग बसून ती तीस दिवसांची चुप्पी काढली आणि एकेक मेसेज वाचायला घेतला. खरं तर हे काम तेव्हाच करायचं होतं.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट निघाली आणि ती जास्त टोचली. ‘इंटरफेस गायब’चे मेसेज फक्त रविवारी पहाटे नव्हते. दिवसभर, दर पाच-सहा मिनिटांनी एक. मी ते आधीही पाहिले होते आणि ‘डॉकर म्हटलं की येणार-जाणार’ म्हणून सोडून दिले होते. लिनक्समध्ये प्रत्येक इंटरफेसला एक क्रमांक मिळतो आणि तो वाढतच जातो, जुना परत वापरत नाहीत. यादी काढली की डाव्या टोकाला दिसतो तो. मशीन चालू होऊन चाळीसेक दिवस झाले होते. अठरा कंटेनर, आठवड्याला दहा-बारा नवे, नळी दोन तोंडांची म्हणून दर वेळी दोन क्रमांक. दोनशेच्या आत-बाहेर असायला हवं होतं. सगळ्यात ताज्या व्हेथचा क्रमांक नऊ हजारांच्या पुढे होता.

म्हणजे चार-साडेचार हजार वेळा कोणीतरी मरून पुन्हा जन्मलं होतं. शोधलं तर बातम्या गोळा करणारा माझा कंटेनर. त्याला मीच कधीतरी मेमरीची मर्यादा घालून ठेवलेली. नव्या आवृत्तीला ती पुरत नव्हती. उठायचा, पाच मिनिटं फीड गोळा करायचा, मर्यादा ओलांडायचा, कर्नेल त्याला मारायचं. बाहेर पडतानाचा कोड १३७, म्हणजे १२८ अधिक ९, आणि ९ हा सक्तीनं मारायचा सिग्नल. डॉकरला सांगून ठेवलेलंच होतं की पडला तर उचल, तो इमानेइतबारे उचलत होता. ज्या मेसेजना मी कचरा म्हणाले, ते कार्डाबद्दल खोटे होते आणि कंटेनरबद्दल शब्दशः खरे.

मग दुरुस्ती. सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे नोड एक्स्पोर्टरलाच सांगायचं की व्हेथ, डॉकर, ब्रिज, टॅप असल्या नावांचे इंटरफेस मोजूच नकोस. मी तो अर्धाच घेतला. व्हेथ वगळले, पण कारण अलर्ट नव्हते, साठवण होती. प्रत्येक इंटरफेसमागे आकड्यांच्या पस्तीसच्या आसपास मालिका तयार होतात आणि त्या बातम्यावाल्यानं एकट्यानं हजारो नावं जन्माला घातली होती. त्यांचा कोणाला काय उपयोग? कंटेनर किती नेटवर्क खातो हे पाहायचं तर सीॲडव्हायझर नावाचा प्रोग्रॅम ते कंटेनरच्या नावानं सांगतो, शेपटीच्या नावानं नाही. ब्रिज आणि टॅप मात्र ठेवले. टॅपवर पाठवताना पॅकेट गळायला लागले तर त्याचा अर्थ आतलं व्हर्च्युअल मशीन वेळेवर उचलत नाहीये, आणि ते मला बघायचं असतं. फक्त त्यासाठी मला झोपेतून उठवू नये. आलेखात असावं, फोनवर नसावं.

एक मात्र करायला शिकले: सगळ्या इंटरफेसची बेरीज घ्यायची नाही. एकच पॅकेट मूळ कार्डावर मोजलं जातं, ब्रिजवर मोजलं जातं, व्हेथवर मोजलं जातं. माझ्या जुन्या आलेखात गिगाबिटच्या तारेतून अडीच गिगाबिट वाहत असायचे आणि मला त्याचा अभिमान होता.

खरा इंटरफेस ओळखायचा कसा, यावर एक अख्खी संध्याकाळ घालवली. लिनक्समध्ये याची सोपी खूण आहे. सिस-क्लास-नेट या फोल्डरात प्रत्येक इंटरफेसची जागा असते. ज्याच्यामागे उपकरण आहे त्याच्या आत ‘डिव्हाइस’ नावाचा दुवा असतो. व्हेथ, ब्रिज, वायरगार्ड यांच्यात तो नसतो. नावावरून अंदाज बांधण्यापेक्षा हे पक्कं. (व्हर्च्युअल मशीनच्या आत मात्र हे फसतं. तिथल्या कार्डालाही असा दुवा असतो, कारण आतून पाहिलं तर ते खरंच उपकरण असतं.) सहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती दर मिनिटाला खऱ्या इंटरफेसची यादी एका फाइलीत टाकणार, नोड एक्स्पोर्टर ती फाइल वाचणार, आणि माझे नियम त्या यादीत असलेल्यांनाच लागू. फार देखणं जमलं होतं. रात्री बाराला झोपायला गेले आणि साडेबाराला परत उठले.

यूएसबी अडॅप्टर गायब झालं तर काय होईल? एका मिनिटात स्क्रिप्ट चालेल, अडॅप्टर तिला दिसणार नाही, ती ते यादीतून काढेल. यादीत नाही म्हणून नियम लागू नाही. नियम लागू नाही म्हणून मेसेज नाही. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं तेच निसटलं. हजेरीपटावरून नावच खोडलं तर गैरहजेरी मांडणार कशी?

शेवटी काय केलं? दोन नावं हातानं लिहिली. एक बोर्डावरचं कार्ड, एक यूएसबीचं. माझ्या मशीनला खऱ्या तारा दोनच आहेत आणि कितीही हौस असली तरी तिसरी लावायला जागा नाही. नियम त्या दोन नावांसाठी: नाव दिसत नाही, लिंक नाही, वेग साडेबारा कोटींहून कमी. यूएसबीचं नाव तर त्याच्या मॅक पत्त्यावरूनच (कार्डाच्या स्वतःच्या क्रमांकावरून) बनतं, पंधरा अक्षरी, आणि लिनक्समध्ये इंटरफेसचं नाव पंधरा अक्षरांच्या पुढे जाऊच शकत नाही, तेव्हा अगदी काठोकाठ बसतं. सहा ओळींची देखणी स्क्रिप्ट पुसून टाकली. थोडं वाईट वाटलं. कंटेनर वारंवार पडतोय का, याचा नियम वेगळा लिहिला आणि त्यात कंटेनरचं नाव येतं.

गळणाऱ्या पॅकेटचा एक किस्सा राहिला. मूळ कार्डावर ‘ड्रॉप’चा आकडा मिनिटाला बरोबर दोननं वाढायचा. म्हणून पॅकेट पकडायला टीसीपीडंप लावला, तर आकडा थांबला. बंद केला, परत सुरू. तासभर हा लपंडाव चालला. कारण असं की कर्नेल २.६.३७ पासून, ज्या प्रोटोकॉलचं पॅकेट घ्यायला मशीनवर कोणीच बसलेलं नाही तेही ‘ड्रॉप’मध्ये धरलं जातं. माझा स्विच दर तीस सेकंदांनी एलएलडीपीचं पॅकेट सोडून आपली ओळख करून देतो. ऐकणारं कोणी नाही, म्हणून ड्रॉप. टीसीपीडंप लावला की तो सगळंच ऐकतो, म्हणून ड्रॉप नाही. तिथे आता ‘मिनिटाला दोन’ हा नियम नाही. एकूण पॅकेटांच्या प्रमाणात गळती किती, एवढंच पाहते.

सगळं झाल्यावर परीक्षा घ्यायची ठरवली. दुपारी, नवरा घरात असताना, त्याला सांगून. दोन्ही केबली काढल्या आणि फोन हातात धरून उभी राहिले. एक मिनिट. दोन. पाच.

“आला का?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“मग बिघडलंय.”

काही बिघडलं नव्हतं. नियम पेटला होता, अलर्टमॅनेजर मेसेज पाठवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता. पण जायला वाट कुठे होती? मी दोन्ही तारा हातात घेऊन उभी होते. केबल परत लावली आणि लगेच फोन वाजला: ‘लिंक डाउन.’ थोड्या वेळानं दुसरा, ‘पूर्ववत.’ लूपबॅकवर हसले होते, ते आठवलं.

आता राउटरपाशी एक छोटा बोर्ड लावलाय. तो दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारतो आणि तीनदा ओ आली नाही की मला कळवतो. त्याला एकच तार आहे. त्यावर डॉकर टाकलेलं नाही.